दादाचा हिरवा घट

आई, यंदा पुन्हा एक घट हिरवा आला. इतक्या वर्षांनी. हे तुलाच सांगायला हवं, कारण या घरात हिरव्या घटाचा अर्थ लावणारी तू एकटीच होतीस, आणि तुला जाऊन आता एकोणीस वर्षं झाली. दादाला मी काहीतरी भलतंच सांगून गाडीत बसवून दिलं. तो पुण्याला लेकीकडे पोचलासुद्धा. आता घरात मी आहे आणि ती मागची खोली आहे.

मला ती खोली अजून जुनी होती तशीच आठवते. गोहलपुरातलं आपलं घर, वर कवेलू, म्हणजे कौलं, आणि मागे ती बिनखिडकीची खोली, जिथे एरवी कोळसा आणि बाबांची मोडकी सायकल असायची. आश्विनातल्या नवरात्राच्या आदल्या दिवशी तू सगळं बाहेर काढून ती शेणाने सारवायचीस. अमरावतीकडे आपल्या लोकांत एकच घट बसतो. तू इथे नर्मदेकाठी सून म्हणून आलीस, इथल्या बायकांकडून जवारे पेरायला शिकलीस आणि त्यांच्याही चार पावलं पुढे गेलीस. माणसागणिक एक घट, म्हणजे मातीच्या पसरट भांड्यात काळी माती आणि त्यात गहू. बाबांचा, तुझा, दादाचा, माझा, आणि पाचवा खेरमाईचा, आपल्या मोहल्ल्याच्या देवीचा. त्या खोलीत कुणाचं नाव घ्यायचं नाही असा तुझा नियम होता. नाव ऐकलं की माई त्या माणसाला मोजते म्हणायचीस. म्हणून घटांवर गेरूच्या खुणा असायच्या. दादाच्या घटावर उभी रेघ, माझ्यावर टिंब.

नऊ दिवस दार बंद. आत एक समई आणि भिंतीशी एक रिकामा पाट. तू सकाळी पाणी द्यायला जायचीस तेव्हा आधी दारावर बोटाने दोनदा वाजवायचीस आणि थांबायचीस, आतलं कुणी पदर सावरून घेईल इतका वेळ. मग आत गेल्यावर पहिल्यांदा हात पाटावर. पाटाला हात लावून तू काय बघत होतीस हे मी कधी विचारलं नाही. तू आत बोलायचीस, मध्ये थांबायचीस, मग "हो, हो" म्हणायचीस. दाराला कान लावला की ओल्या मातीचा आणि कोवळ्या गव्हाचा वास यायचा, आणि तुझा आवाज बंद झाल्यावरही आत काहीतरी बारीक सळसळत राहायचं. बाबा फॅक्टरीतून येऊन म्हणायचे, "तुझी आई गव्हाशी बोलून राहिली का अजून?" मी हसायचे. पण त्या दारासमोरून जाताना मी धावतच जायचे, आणि बाबाही जरा पाय उचलून चालायचे हे मी पाहिलेलं आहे.

आठव्या दिवशी खेरमाईचा पंडा यायचा. तो म्हातारा पुजारी समई उचलून एकेका घटावर धरायचा. अंधारात वाढलेले जवारे पिवळे, जवळजवळ सोनेरी असतात. पिवळे म्हणजे आठ दिवस माई आणि तुझ्याशिवाय त्यांना कुणी पाहिलं नाही. हिरवा म्हणजे बाहेरच्या कुणाची तरी नजर त्या माणसावर आहे. दुसऱ्या घरांत हिरव्याचं एवढं कुणी मनावर घेत नसे. तू घ्यायचीस. दादाच्या आधीचा एक मुलगा तू गमावला होतास, आणि त्या वर्षी तू जवारे पेरलेच नव्हतेस.

मी अकरा वर्षांची होते. शाळेत बाईंनी फळ्यावर रोप काढून सांगितलं होतं की उन्हाशिवाय झाड अशक्त होतं. मला माझ्या घटाची काळजी वाटायला लागली. दादाचे जवारे माझ्यापेक्षा उंच असायचे, हेही मनात होतंच, ते आता कशाला लपवू. पाचव्या दिवशी दुपारी मी पेरूच्या झाडावरून छपरावर चढले. माझा घट कुठे असेल याचा अंदाज घेऊन एक कवेलू सरकवलं आणि आत डोकावले. तासाभरात परत येऊन ते नीट बसवायचं, असा माझा बेत होता.

आत तू बसलेली होतीस. पाटावर, पाठमोरी, डोक्यावरून पदर, घटांकडे वाकलेली. आणि तेवढ्यात खालून, स्वयंपाकघरातून, तुझीच हाक आली, "पोरी, काहून इतकी शांत आहेस? कुठं आहेस?" पाठोपाठ लाटण्याचा आवाज. खोलीतलं डोकं हळूहळू वर वळायला लागलं. तोंड मी पाहिलं नाही. मी उतरले की पडले तेही आठवत नाही, कोपर मात्र सोललं होतं. तू हळद लावलीस, झाडावर चढल्याबद्दल एक धपाटा घातलास, आणि मी एक शब्द बोलले नाही. पुन्हा वर जायची माझी छाती झाली नाही. कवेलू तसंच राहिलं, तीन दिवस.

पंड्याने समई धरली. चार घट पिवळे. उरलेला एक हिरवागार, शेतात असावा तसा. त्यावर उभी रेघ. ऊन माझ्या घटावर पडलंच नव्हतं. पंड्याने त्या रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "बाई, जे वाला घर से बाहर नहीं जाए. साल भर तो बिलकुल नहीं." कवेलू कुणाला दिसलं नाही, कारण वर कुणी पाहिलंच नाही. सगळे खाली पाहत होते. मी बाबांच्या मागे उभी होते. तेव्हा बोलायला हवं होतं. पण कवेलू सांगितलं असतं तर आत काय पाहिलं तेही सांगावं लागलं असतं, आणि ते मी सांगितलं की ते खरं होईल असं मला वाटत होतं.

दादाला भुसावळचं बोलावणं आलेलं होतं. रेल्वेची नोकरी, दसऱ्यानंतर हजर व्हायचं होतं. त्याने नवी पेटी घेतली होती आणि तिच्यावर आपलं नाव स्वतः रंगवलं होतं. बाबा म्हणाले, "अशी नोकरी पुन्हा नाही भेटत, समजून घे." तू म्हणालीस, "मले पोरगा पाहिजे. नोकरी तुम्ही ठेवा." नवमीला जवाऱ्यांची मिरवणूक निघाली. पुढे गालातून बाना, म्हणजे लोखंडी सळई, आरपार काढलेली माणसं, मागे डोक्यावर घट घेतलेल्या बायका माईची भगतं, म्हणजे गाणी, गात, आणि त्यांत तू, दादाचा हिरवा घट घेऊन. ग्वारीघाटावर तू तो नर्मदेत सोडलास तेव्हा ते बोलावण्याचं पत्र चार घड्या करून जवाऱ्यांत खोचलेलं होतं. दादा पायरीवर उभा राहून बघत होता. त्याचं ते बघणं मी आजवर विसरलेले नाही.

मग त्याने बड्या फुहाऱ्याच्या बाजारात कापडाच्या दुकानात गज धरला तो चाळीस वर्षं. चांगला विक्रेता होता तो, बायकांना एका नजरेत रंग सुचवायचा. लग्न केलं, मुलगी शिकवली, वहिनी गेली तेव्हा एकटा उरला. मी सरकारी कचेरीतून निवृत्त होऊन याच घरात होते. आम्ही दोघं म्हातारी भावंडं सकाळी एकाच पेपरसाठी भांडत असू. तू जाताना माझा हात धरून म्हणालीस, "त्याले वाचवलं मी." मी "हो" म्हणाले. आई, त्या "हो"ची मला अजून लाज वाटते.

जवारे मी सोडले नाहीत. घर पाडून पक्कं बांधलं, तरी मागची खोली ठेवली. वर आता स्लॅब आहे, चारी बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंती आहेत, उजेड यायला सुईएवढी फट नाही. ते मी मुद्दाम पाहून घेतलं होतं. यंदा तीन घट होते, दादाचा, माझा आणि माईचा. दादाच्या लेकीने फार दिवस मागे लागून त्याला पुण्याला कायमचं बोलावून घेतलं होतं आणि दशमीची गाडी होती. सत्तरीकडे झुकलेला माणूस पुन्हा पेटी भरत होता आणि गुणगुणत होता. आठव्या दिवशी सकाळी मी दारावर दोनदा वाजवलं, थांबले, आत जाऊन समई उचलली. उभ्या रेघेचा घट हिरवा होता. तसाच, शेतातल्यासारखा.

नीट पाहायला मी घटाशी खाली बसले. बसताना हात पाटावर टेकला. पाट कोमट होता. कुणी नुकतंच उठून गेलं की असतो तेवढाच. तू रोज काय बघत होतीस ते मला त्या क्षणी कळलं.

मी बोट ओलं केलं आणि उभी रेघ पुसली. माझ्या घटावरचं टिंब पुसलं. तुझ्याच डबीतला गेरू कालवून खुणा बदलल्या. हिरव्यावर टिंब, पिवळ्यावर रेघ. नियमबियम सगळे मोडून दोन्ही नावं मोठ्याने उच्चारली, आधी हिरव्यावर माझं, मग पिवळ्यावर त्याचं, नीट ऐकू जाईल अशी. आतली सळसळ थांबली. मग पुन्हा सुरू झाली.

दुपारी दादा दर्शनाला आला. खुणा पाहिल्या, आणि खाली बसला. "तुझा हिरवा आला," म्हणाला. "मग मी नाही जात. तुले एकटीले सोडून कसा जाऊ?" गाडीचं तिकीट त्याच्या खिशातून डोकावत होतं. हा माणूस एका घटापायी दुसऱ्यांदा थांबणार होता, आणि या वेळी माझ्यासाठी.

मी म्हणाले, "अरे, हिरवा म्हणजे ऊन लागलं, बाकी काही नाही."

तो वर स्लॅबकडे पाहत राहिला. "कुठून?"

"मी रोज दुपारी दार उघडं ठेवून राहिली. हवा नको का खेळायला? माझा घट दाराशी होता."

त्याने दाराकडे आणि मग घटाकडे पाहिलं. मग म्हणाला, "अच्छा. म्हणजे ऊन." आणि उठताना, माझ्याकडे न बघता, "तेव्हाही ऊनच असेल का?" मी समईची वात पुढे सारत बसले. जेव्हा ऊन होतं तेव्हा मी गप्प राहिले, आणि जेव्हा ऊन नव्हतं तेव्हा ऊन सांगितलं. या वेळचं खोटं मला पचलं. दशमीला स्टेशनावर त्याने पेटी स्वतः उचलून डब्यात ठेवली, खिडकीतून हात हलवला, आणि मी गाडी दिसेनाशी होईतो उभी राहिले. मला फार बरं वाटलं, हेही तुला सांगते.

दोन पिवळे घट मी नवमीला ग्वारीघाटावर सोडले. हिरवा नेला नाही. तो आत आहे, अजून वाढतो आहे. पाणी मी देत नाही, पण माती ओली असते. स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असले की मागून कुणीतरी माझ्या लाटण्याकडे कान लावून बसलंय असं वाटतं, आणि मी लाटणं थांबवत नाही.

हे पत्र लिहून झालं की पाटाखाली ठेवायचं ठरवलं होतं. मघाशी दाराशी गेले, दोनदा वाजवलं, थांबले आणि परत आले. आत बसलेली तू असशील तर पहिल्यांदा त्या कवेलूबद्दल तुझी माफी मागायला हवी, आणि एवढी पानं भरली तरी ती मी मागितलेली नाही. मी फक्त घटावरचं नाव बदलून आले.