आतोबांचा लॅपटॉप उघडताना

॥ श्री ॥
मेल वीधी, तंजावूर
१६ ऑक्टोबर २०२४

चि. गिरीश यास वसुमतीआत्याचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं सप्टेंबरचं पत्र पोचलं. पुण्यात सहा वर्षं काढलीस तरी अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. तू दहा वर्षांचा असताना मी टपालानं तुला बाराखडी शिकवली, म्हणून महिन्याला एक पत्र हा नेम मी मोडू देणार नाही. आपल्या गल्लीत देवनागरी वाचणारी चार माणसं उरली आहेत.

आता कामाचं. तुझ्या आतोबांचा लॅपटॉप बंद पडला आहे. विजयादशमीला सकाळी बटण दाबलं तर काहीच नाही, दिवासुद्धा लागला नाही. ते गेल्यापासून मी दर गुरुवारी तो चार्जिंगला लावत होते, उघडून आत मात्र कधी पाहिलं नाही. हिंमत झाली नाही असं म्हण.

त्यात काय आहे ते तुला ठाऊक आहे. घराण्याची बारा बाडं मोडी पत्रं. मोडी वाचणारे आपल्यात ते एकटेच होते. रोज सकाळी दोन तास बसून ते ती पत्रं मराठीतच, पण तमिळ अक्षरांत टाइप करायचे, म्हणजे नातवंडांना वाचता यावीत. एकेक बाड कपाटातून निघून टेबलावर येताना मी पाहिलं. गेले तेव्हा बारावं टेबलावर होतं. माघ शुद्ध द्वितीयेला, म्हणजे जानेवारीच्या अखेरीस, वर्षश्राद्ध आहे. त्या दिवशी भाऊबंदांच्या नऊही घरांना छापील प्रत देईन असं मी सगळ्यांना सांगून बसले आहे. बाडं आहेत, वाचणारा गेला. ते यंत्र उघडलं नाही तर अकरा वर्षांचं वाचन गेलं.

मेडिकल कॉलेज रोडवरच्या एका दुकानात नेलं होतं. तो म्हणाला, आठवडाभर ठेवून जा, आतलं राहील याची खात्री नाही. मी उचलून परत आणलं. तू सांग काय करायचं. फोनवर सांगू नकोस, एका कानानं ऐकते आणि दुसऱ्यानं जातं. कागद टेबलावर पसरता येतो.

इथला लोभ तुझ्या ओळखीचा आहे. तिथला आटू देऊ नकोस.

तुझी
वसुमतीआत्या


॥ श्री ॥
कोथरूड, पुणे
२४ ऑक्टोबर २०२४

ती. वसुमतीआत्यास गिरीशचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

नावाआधी ‘सौ.’ लिहायला हात गेला आणि थांबला. दुसरं जे लिहितात ते मला लिहवत नाही, म्हणून जागा मोकळीच ठेवली आहे. रागावू नकोस.

या पातळ लॅपटॉपमध्ये साठवणीची चिप मुख्य पाटीवरच डकवलेली असते. ती सुटी काढून दुसरीकडे वाचता येत नाही. म्हणजे तेच यंत्र जिवंत करावं लागेल. मी आलो असतो, पण नवी नोकरी आहे, मार्चपर्यंत रजा नाही. तू चाळीस वर्षं गणित शिकवलंस, अकरा स्क्रू तुला जड नाहीत.

तुझ्या वर्णनावरून मला बॅटरी गेली असं वाटतं. ती बदलून चार वर्षं झाली आहेत. त्याच मॉडेलची नवी बॅटरी, लहान स्क्रूड्रायव्हर आणि प्लास्टिकची पातळ पट्टी कुरियरनं पाठवतो आहे. चार्जर काढून ठेव. पालथा घालून स्क्रू काढ. लांब कुठला आणि आखूड कुठला ते लिहून ठेव, कारण लांब स्क्रू आखूड जागी घातला तर पाटीला भोक पडतं. कडेनं पट्टी फिरव, जोर लावू नकोस. बॅटरीची वायर ओढायची नाही, तिचं टोक नखानं उचलायचं.

एक विचारायचं राहिलं. पाणी किंवा कॉफी सांडली नव्हती ना? तसं असेल तर सगळंच वेगळं करावं लागतं.

तुझा आशीर्वाद पाठीशी आहेच, तो सैल पडू देऊ नये.

तुझा
गिरीश


॥ श्री ॥
तंजावूर
१८ नोव्हेंबर २०२४

चि. गिरीश यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

बॅटरी घातली. चालू झाला नाही.

तू सांगितलंस तसंच केलं. स्क्रू ठेवायला आप्पेपात्र घेतलं. सात खड्डे, प्रत्येकात एका जागेचे स्क्रू, शेजारी तुझं पत्र. शेजारची कामाक्षी भिंतीवरून डोकावली आणि म्हणाली, मामी, आज काय पणियारम? मी म्हटलं, हो, लोखंडाचे आप्पे. खालचं झाकण निघालं. इतकी वर्षं ते ज्याच्यापुढे बसले त्याच्या पोटात इतकं थोडं सामान असेल असं वाटलं नव्हतं. बॅटरी नीट बसली. दोनदा काढून पुन्हा बसवली. काही नाही.

नंदिता दिवाळीला येऊन गेली. सुतकाच्या वर्षात दिवाळी कसली, ती आईला बघायला आली. उघड्या लॅपटॉपचे फोटो काढले आणि तो चेन्नईला नेते म्हणाली. मी दिला नाही. तिला राग आला. अम्मा, तुला तो दुरुस्त व्हायला नकोय का, असं विचारून गेली. मुलीनं असं म्हटलेलं लागतं.

पाण्याचं विचारलं होतंस. काही सांडलं नाही. आता पुढे काय ते कळव. दोन महिने राहिले.

लोभाला खंड नको.

वसुमतीआत्या


॥ श्री ॥
पुणे
२६ नोव्हेंबर २०२४

ती. वसुमतीआत्यास साष्टांग नमस्कार, वि. वि.

आत्या, राग येईल, पण विचारतो. नंदितानं दिवाळीत काढलेले फोटो मला पाठवले आहेत. ते मोठे करून पाहिले. कीबोर्डच्या मधल्या ओळीत आणि बटणाच्या फटीत पिवळट काहीतरी वाळलेलं दिसतं. आतल्या पाटीवरही, पंख्याच्या बाजूला, तोच रंग आहे. धूळ अशी नसते. बटण कीबोर्डातच बसवलेलं आहे, त्यामुळे कीबोर्ड गेला असेल तर नवी बॅटरी घालून काय उपयोग?

ओलं काहीतरी आत गेलं आहे. ते जितके दिवस तिथे राहील तितकं पाटीला खाईल. कोणी काय केलं हे मला कळायची गरज नाही. काय पडलं एवढं कळलं तर कशानं पुसायचं ते सांगता येईल.

मी तुझ्याच बाजूचा आहे, हे लिहायला नको होतं, तरी लिहितो.

आशीर्वादाची वाट पाहणारा,
गिरीश


॥ श्री ॥
तंजावूर
३ डिसेंबर २०२४

चि. गिरीश यास अनेक आशीर्वाद.

गंध आहे ते. मी लावलं.

दर वर्षी सरस्वतीपूजेला ते लॅपटॉप पुस्तकांबरोबर देवीपुढे ठेवत. मिटलेल्या झाकणावर कोरड्या चंदनाचं बोट, वर कुंकू, एक फूल, झालं. दुसऱ्या दिवशी विजयादशमीला उचलून पहिली ओळ टाइप करायची. मधल्या रात्री त्याला हात लावायचा नाही. या वर्षी घरात सुतक. नवरात्रातल्या बाहुल्यांचा कोलू मांडला नाही, दाराला तोरण नाही. पूजा करायची नाही हे मला शंभरदा माहीत होतं. पण टेबलावर तो एकटा पडलेला बघवेना. कामाक्षी देवळात गेल्यावर मी दार लावलं, सहाणेवर गंध उगाळलं आणि लॅपटॉप उघडून अक्षरांवर लावलं. त्यांची बोटं जिथं ठेवलेली असायची तिथं, आठही बोटांच्या जागी, आणि वर बटणाला एक. गंध पातळ झालं होतं. मग पळीभर पाणी फिरवलं, अक्षता टाकल्या आणि ओलाच मिटून ठेवला. गणिताची बाई, आणि इतकीही अक्कल चालली नाही.

सकाळी उघडेना तेव्हा वाटलं, वर्षाच्या आत पूजा केली म्हणून देवीनं घेतला. नंदिताला सांगितलं नाही, तुझ्याशी खोटं बोलले. वडिलांचं काम आईनं बुडवलं असं तिनं आयुष्यभर म्हणावं हे मला सोसणार नाही. माझ्या खोट्यापायी महिना वाया गेला, त्यात पाटी आणखी खराब झाली असेल. मला फार भीती वाटते रे.

उपाय असेल तर सांग. नसेल तर तेही स्पष्ट सांग.

वसुमतीआत्या


॥ श्री ॥
पुणे
१२ डिसेंबर २०२४

ती. वसुमतीआत्यास साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. नंदिताला मी काही सांगणार नाही, सांगायचं तर तूच सांग. देवीचं मला कळत नाही. पाण्याचं कळतं, आणि पाण्याला सुतक नसतं. उपाय आहे.

सोबत पार्सल आहे. वरचं झाकण कीबोर्डासकट दुसरं मिळालं, इथल्या एका बंद लॅपटॉपमधून काढलेलं. तमिळ अक्षरांचे स्टिकर नाहीत, पण आतोबांना ते लागतच नव्हते. एक बाटली आयसोप्रोपिल अल्कोहोलची, एक मऊ ब्रश. आधी बॅटरीची वायर सोडव. मग रिबिनीसारख्या चपट्या वायरी, त्यांची काळी खिटी वर उचलून. पंखा काढ. पाटीवर जिथे पिवळं दिसेल तिथे अल्कोहोलात ब्रश बुडवून हळूहळू पूस, घासायचं नाही. मग चोवीस तास पंख्याखाली वाळू दे. घाई केलीस तर सगळं पाण्यात.

चालू झाला तर अक्षरं पाहून दचकू नकोस. तीन वर्षांपूर्वी आतोबांनी फोन करून अक्षरं मोठी कशी करायची ते विचारलं होतं. मी दोन वाक्यांत सांगितलं आणि ठेवला. नंतर आणखी मोठी कशी, म्हणून परत फोन आला होता. तेव्हा मी कामात होतो. का, असं मी विचारलं नाही.

हात स्थिर ठेव. बाकी तुझा आशीर्वाद.

गिरीश


॥ श्री ॥
तंजावूर
८ जानेवारी २०२५

चि. गिरीश यास अनेक अनेक आशीर्वाद, वि. वि.

लॅपटॉप चालू झाला. चोवीस नाही, छत्तीस तास वाळवला. एक रिबीन तिरपी बसली होती, म्हणून पुन्हा सगळं उघडलं. तिसऱ्या खेपेला दिवा लागला. मी खुर्चीत बसून रडले आणि मग नंदिताला फोन करून गंधाचंही सांगून टाकलं. ती म्हणाली, अम्मा, मीही लावलं असतं. पोंगलला येते आहे.

पण लिहायचं आहे ते हे नाही.

अक्षरं तू म्हणालास तशीच होती. पडद्यावर जेमतेम चार ओळी. सात बाडं पूर्ण आहेत, एकेक पत्र तारखेसह. आठवं नाही. नववं, दहावं, अकरावं, बारावं, काही नाही. जून २०२१पासून रोजची एक नोंद आहे, वर तारीख आणि खाली दोन-चार ओळी. आठशेच्या वर असतील. पहिलीत लिहिलं आहे, ‘आठवं बाड सोडलं. कागद पांढरा दिसतो. उद्या बघू.’ आठवडाभर हेच. मग बाडाचं नावच नाही.

त्यांना दिसत नव्हतं, गिरीश. अडीच वर्षं. ते कलेक्टर कचेरीत टंकलेखक होते, तमिळ टायपिंगची हायर परीक्षा पहिल्या वर्गात पास. बोटांना डोळे लागत नव्हते. वर्तमानपत्र तू वाच, तुझा आवाज छान आहे म्हणायचे, आणि मी मूर्ख, खूश व्हायचे. टीव्हीएस गाडी विकली ती गुडघे दुखतात म्हणून. बाडं मात्र क्रमानं कपाटातून काढून टेबलावर ठेवत राहिले. काम चाललंय ना, असं भाऊबंदांनी विचारलं की माझ्याकडे बोट करायचे, आणि मीच सांगायची, चाललंय की.

दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. ते लिहिलं आहे. ‘कुकरच्या तीन शिट्या झाल्या. वसु चौथीची वाट बघत नाही, डाळ कच्ची राहते. सांगणार नाही.’ ‘वसु दारात कामाक्षीशी बोलते आहे. गुडघ्याचं मला सांगितलं नाही, तिला सांगितलं.’ ‘आज वसु गात नाही. काय झालं असेल.’ मी गाते हे मला माहीत नव्हतं.

वर्षश्राद्धाला नऊ घरांना मी खरं ते सांगणार आहे. सात बाडं छापून देईन. उरलेली पाच घेऊन सोमवारी सरस्वती महाल ग्रंथालयात जाते, मोडी वाचणारं कोणी गाठ पडेल. रोजच्या नोंदी नंदिता मागते आहे. तिला वाचू देईन, छापू देणार नाही.

शेवटची नोंद ते गेले त्याच्या आदल्या दिवशीची आहे, १० फेब्रुवारीची. ती तेवढी तुझ्यासाठी उतरवते. ‘आज हात चालत नाही. मी थांबलो की वसु आतून विचारते, दमलात का. विचारलं. म्हणून लिहितो आहे. लिहितो आहे. लिहितो आहे.’

मी विचारलं होतं. नारळ खवत होते. टकटक पुन्हा सुरू झाली, म्हणून उठले नाही.

तुझा लोभ मला आता जास्त लागेल, तो असू दे.

तुझी
वसुमतीआत्या