डबा घासून ठेवला

४ मार्च, सोमवार
आज फार आनंद! यांचा कंपवात जाणार. हे पुन्हा शिलाई मशीनवर बसणार, गिऱ्हाईकं दाराशी येणार. नव्या क्लिनिकात स्टेम सेलचं इंजेक्शन देतात म्हणे, शरीर आतून नवं होतं. धाकटी लेक मोठ्या हॉस्पिटलात पेशंटना हेच समजावते, कुठला उपचार खरा, कुठे भुलू नये. म्हणाली, आई, या आजारावर ते अजून सिद्ध झालेलं नाही, निदान प्रश्न तरी विचार. विचारते की! मला कोण फसवणार? भाजीवालासुद्धा मला वचकून असतो.

७ मार्च, गुरुवार
विचारलं. डॉक्टर, यांचा कंप जाईल? "हो आजी." यांची साखर? "हो." माझे गुडघे? "तेही." हे कधी नव्हे ते बोलले, "हिची बडबड कमी होईल का?" तर म्हणतो, "फरक पडेल ना, आजोबा!" मी हसून बेजार. इतका मोकळा डॉक्टर पाहिला नाही. सिद्ध झालंय का, ते विचारायचं राहिलं. खुर्च्या काय मऊ होत्या!

८ मार्च
नवं धान्य भरायचं तर आधी डबा घासून कोरडा करते मी. म्हणून इंजेक्शन मिळेपर्यंत यांच्या कंपाच्या जुन्या गोळ्या बंद. लेकीला सांगितलं नाही. उगाच वाद.

११ मार्च, सोमवार
हे फार शांत झालेत. हात तेवढा हलतो, बाकी हलतच नाहीत. दारात उभे राहिले ते पाऊलच उचलेना. शरीर विश्रांती घेत असणार. चांगली खूण. चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती गेली, कसे तरुण दिसतात! घास मात्र तोंडातच राहतो. माझ्या डोळ्यांना सारखं पाणी येतंय. चष्म्याचा नंबर वाढला असेल.

१३ मार्च
मोरीत पडले. लेक धावत आली. गोळ्या दिल्यास ना, म्हणाली. सांगावंच लागलं. अशा गोळ्या एकदम बंद करतात का गं, आई? म्हणून खालीच बसली. मी डब्याचं समजावू लागले, तर म्हणाली, गाडी बोलाव आधी.

१८ मार्च, सोमवार
यांना हॉस्पिटलातून घरी आणलं. गोळ्या सुरू, पाऊल उचलतात. लेकीने यांना सगळं नीट सांगितलं, मग विचारलं, बाबा, तुम्हाला काय हवंय?
हे म्हणाले, "इंजेक्शन नको. हिची बडबड कमी करतो म्हणाला ना, तेव्हाच कळलं, थापाड्या आहे."
मी म्हटलं, अहो, मग तेव्हाच का नाही बोललात?
"मला विचारलंस कुठे?"
दुपारपासून मी गप्प आहे. संध्याकाळी हेच म्हणाले, "अगं, बोल की काहीतरी."
सुचेना.