आज कुणाचा तास?

२ फेब्रुवारी, सकाळ

एक कोडे. आपण कोपऱ्यावरून वळतो. पलीकडे तिघेचौघे उभे असतात, त्यांचे हसणे आपल्यापर्यंत पोहोचलेले असते आणि आपण दिसताक्षणी ते सगळे एकदम आभाळाकडे पाहू लागतात. असे का होते? आवाज प्रकाशापेक्षा पुष्कळ हळू येतो, हे मान्य. पण त्यामुळे हसणे उशिरा ऐकू येईल, लवकर थांबणार नाही. म्हणजे कारण भौतिक नाही. कारण मी आहे.

वस्ती लहान. चहूकडे शेते, मधे एक गल्ली, दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम डझनभर घरे, टोकाला सामाईक पाण्याची टाकी आणि तिच्याशेजारी गाड्यांची शेड. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर शांतता हवी म्हणून आम्ही येथे आलो. शांतता आहे. मात्र ती मी घराबाहेर पडलो की सुरू होते.

संकल्प: संशय घ्यायचा नाही. पद्धतशीर निरीक्षण करायचे. संशय नंतर घेता येईल.

४ फेब्रुवारी

हिला गाडी शिकायची आहे. दवाखाना दूर, बाजार दूर, आणि अंधार पडल्यावर मला समोरचा खांब व माणूस सारखेच दिसतात. ही म्हणते, दोघांपैकी एकाला तरी रात्री-अपरात्री गाडी काढता आली नाही तर येथे राहणे अवघड आहे, आणि तिला तर येथेच राहायचे आहे. मुद्दा रास्त. शिकवणे ताबडतोब सुरू केले. सध्या घर्षण चालू आहे. घर्षणाशिवाय क्लच समजत नाही आणि क्लच समजल्याशिवाय गाडीला हात लावण्यात अर्थ नाही. निदान सीटवर तरी बसू का, असे हिने आज विचारले. बसणे गुरुत्वमध्यानंतर घेणार आहे.

७ फेब्रुवारी

अत्यंत विचित्र घटना. तिसऱ्या घरातला प्लंबर आला आणि विचारू लागला, "सर, पाणी वरच्या मजल्यावर चढतं कसं हो?" ज्याचा जन्म पाणी वर चढवण्यात गेला तो हे मला विचारतो! तरीही सांगितले. आकृती काढली. दाबाची व्याख्या देऊन नळीपर्यंत आलो तोच त्याने खिडकीबाहेर डोकावले, ताडकन उठला, "एकदम क्लिअर, सर!" म्हणाला आणि गेला. नळीचे वाक्य माझ्या तोंडातच राहिले.

त्या वेळात ही आणि शेजारच्या नर्सबाई भाजी आणायला गेल्या होत्या. नर्सबाई निवृत्त झाल्या तरी आवाज अजून वॉर्डातलाच आहे. दोघी हसत परत आल्या. भाजी आणली नाही. ताजी नसावी.

१० फेब्रुवारी

आणखी गंभीर. शेडमध्ये गाडी पुसायला गेलो तर सीट पुढे सरकवलेली, आरसा खाली वळवलेला. कुणीतरी माझी गाडी वापरते, आणि तो इसम बुटका आहे. हे अनुमान नव्हे, ही भूमिती आहे.

वस्तीत बुटके कोण? प्लंबर ताडमाड. नर्सबाई माझ्याएवढ्या. समोरचे वकीलसाहेब उंच नाहीत, पण त्यांचे पोट पाहता सीट मागे सरकायला हवी होती. घरात हिची उंची कमी आहे, परंतु हिला गाडी येत नाही. सबब हिला वगळले.

१३ फेब्रुवारी, दुपार

पुरावा हाती लागला. टाकीच्या मागे गळती पाहत होतो. पलीकडे तिघे. नर्सबाईंनी विचारले, "आज कुणाचा तास?" प्लंबर म्हणाला, "वकीलसाहेबांचा. माझा त्या दिवशी झाला, अजून कान तापलेत." त्यावर वकील कळवळून म्हणाले, "बाई, मला जरा वेळेवर सोडवा हो. मागच्या खेपेला सकाळचा चहा घेऊन बसलो तो जेवायलाच उठलो." मग खसखस. मग मी शिंकलो. मग आभाळाचे निरीक्षण.

आता या शब्दाचा शांतपणे विचार करू. 'तास' म्हणजे काय? एक, नांगराने पडलेली रेघ. येथे कुणी नांगरत नाही. दोन, लाकूड तासण्याची क्रिया. सुतार वस्तीत नाही. तीन, साठ मिनिटांचा काळ. माणसांनी आळीपाळीने वाटून घेतलेला काळ म्हणजे पहारा. मी आयुष्यभर तास घेत आलो, मला हा शब्द कुणी शिकवायला नको.

निष्कर्ष: माझ्यावर पाळत आहे. एकजण मला घरात गुंतवतो, बाकीचे माझी गाडी पळवतात.

१३ फेब्रुवारी, संध्याकाळ

वकील आले. आरशात डावे-उजवे उलटते, मग वर-खाली का उलटत नाही, असे विचारले. मी सावध होतो. संकल्प केला होता की एक शब्द उच्चारायचा नाही. माहिती हेच त्यांचे लक्ष्य असणार. मी चष्मा पुसत राहिलो. वकील अस्वस्थ झाले, आणि मग सहज म्हणाले, की उन्हाळा म्हणजे पृथ्वी सूर्याच्या जवळ येते तेव्हाचा काळ.

माणसाच्या सहनशक्तीला मर्यादा असते.

पृथ्वीसाठी पेरू, सूर्यासाठी दिवा घेतला. पेरू तिरका धरून दिव्याभोवती अर्धी फेरी झाली तेव्हा वकिलांनी डोळे मिटले. पाठ करत असावेत. घोरल्यासारखा आवाज एकाग्रतेतूनही येतो.

१८ फेब्रुवारी

निर्णय: घर विकायचे. हिला जेवताना सांगितले. हिचा घास हातातच राहिला. म्हणाली, "अहो, मला इथं आवडतं. तिकडे मी जन्मभर सरांची बायको होते. इथं मला नावानं हाक मारतात." हा युक्तिवाद नव्हे, हे मी समजावून सांगितले. युक्तिवादाला आधी गृहीतक लागते. हिने ऐकून घेतले आणि म्हणाली, बावीस तारखेपर्यंत कुणाशी बोलू नका, मग काय ते ठरवा.

बावीसच का? विचारले तर भात वाढायला घेतला.

ही फितूर झाली असेल का? नाही. हिला काही लपवता येत नाही. लपवले असते तर मला कळले असते.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळ

सापळा लावला. बॅटरीची तार सोडवून कोटाच्या खिशात ठेवली. चोर किल्ली फिरवेल, इंजिन फिरणार नाही, चोर गोंधळेल. गोंधळलेला चोर पकडणे सोपे. साधे, शास्त्रीय, निरुपद्रवी.

२२ फेब्रुवारी, सकाळ

वकील अपेक्षेप्रमाणे हजर. इंद्रधनुष्य वाकडे का असते? प्रश्न उत्तम होता. फार उत्तम होता. क्षणभर हात खडूकडे गेला. पण सावरलो, आणि थंडपणे म्हणालो, "वकीलसाहेब, तुमचा तास संपला." ते पांढरे पडले. "तुम्हाला कुणी सांगितलं?" म्हणाले. कबुलीच ही! त्यांना तसेच सोडून शेडकडे धावलो.

शेडमध्ये प्लंबर बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकलेला. नर्सबाई डाव्या सीटवर, "फिरवा, पुन्हा फिरवा" असा वॉर्ड दणाणून सोडत होत्या. आणि स्टिअरिंगमागे ही. सीट पुढे सरकवलेली, आरसा खाली वळवलेला, नवी चप्पल काढून शेजारी ठेवलेली.

मी म्हणालो, सापडलात. कुणी दाद दिली नाही.

नर्सबाईंनी सांगितले, "भाऊजी, लायसन्सची परीक्षा आहे हिची आत्ता. उशीर होतोय. शिकाऊ लायसन्स गेल्याच महिन्यात काढलंय, दोन आठवडे शिकतेय बिचारी." तू मला का नाही विचारलेस, असे मी हिला विचारले. उत्तर प्लंबरने दिले, तेही बॉनेटमधूनच: "सर, तुम्ही शिकवत होता म्हणूनच तर. वहिनी गाडी शिकायला जायच्या, तोवर आम्ही पाळीपाळीनं तुमच्या तासाला बसायचो." मागून धापा टाकत आलेले वकील म्हणाले, "मी तर परीक्षा न देता नापास व्हायला तयार आहे."

तासाला बसायचो. हा चौथा अर्थ माझ्याकडून कसा सुटला, याचा विचार करत होतो, तेवढ्यात हिने काचेतून हात बाहेर काढला. "तार." मी खिशातून तार काढली. म्हणालो, बॅटरीचे ऋण टोक आधी का सोडवतात हे जर लक्षात घेतले तर. ही म्हणाली, "नंतर सांगा. आता नुसती जोडा."

हिने क्लच दाबून पाहिला, सोडला, पुन्हा दाबून पाहिला. परीक्षेच्या दारात उभी राहिलेली मुले मी आयुष्यभर पाहिली आहेत. काही न बोलता तार जोडली. पान्हा एकदा निसटला. सकाळी गारवा असतो.

गाडी गेली. आम्ही तिघे आभाळाकडे पाहत उभे राहिलो.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळ

उत्तीर्ण. क्लचवर एकही प्रश्न विचारला नाही म्हणे. परीक्षांचा दर्जा सगळीकडेच खालावला आहे. तरी पायाभरणी माझीच, हे हिला पेढा खाताना सांगितले. "हो," म्हणाली. लगेच म्हणाली.

घर विकणे रद्द. निरीक्षणे अपुरी होती.

२५ फेब्रुवारी

दिवसभर दार वाजले नाही. इंद्रधनुष्याची आकृती रंगीत खडूंनी काढून तयार ठेवली होती. दुपारी प्लंबर दारावरून गेला. मी म्हणालो, पाण्याच्या त्या नळीचे राहिले होते. तो म्हणाला, "एकदम क्लिअर आहे, सर!" आणि चालण्याचा वेग वाढवला.

सगळ्यांना सगळे समजले असावे. चांगली गोष्ट आहे.

२८ फेब्रुवारी

लोक आपले ऐकतात की नाही, हे ठरवण्याचा एक सोपा प्रयोग सुचला. साहित्य काहीही लागत नाही. रंगात येऊन काहीतरी समजावून सांगावे आणि कारणाच्या तोंडाशी वाक्य तोडून गप्प बसावे. समोरचा ऐकत असेल तर तो "मग?" असे विचारतो.

आज बाजाराला जाताना केला. गाडी ही चालवत होती. मी म्हणालो, वळणावर आपण बाहेर फेकले जातो असे वाटते, याचे खरे कारण. आणि थांबलो. शेते गेली. कालवा गेला. दोन वळणे गेली, दोन्ही हिने फार सफाईने घेतली. बाजारात गाडी उभी करून ही माझ्याकडे वळली, आणि कितीतरी दिवसांत हसली नव्हती तशी हसली. म्हणाली, "आज किती छान वाटलं, नाही?"

एका निरीक्षणावरून काही सिद्ध होत नाही. पुन्हा करून पाहायला हवा, वेगवेगळ्या माणसांवर, वेगवेगळ्या विषयांवर. कुणालाही जमेल. पथ्य एकच, वाक्य नेमके कुठे तोडायचे ते. आणि ते तोडायचे असते—