चारशे बारा लेख आणि एक दुरुस्ती

॥ श्री ॥

मी, रंगराव हिंमतराव गावंडे, वय ४९ वर्षे, व्यवसाय वेबसाइटची रचना करणे, मूळ गाव मौजे सावरखेड, जिल्हा अकोला, सध्या राहणार कोथरूड, पुणे, हे मृत्युपत्र आज शनिवारी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे मन ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. हृदय ठिकाणावर नाही, म्हणून येत्या सोमवारी त्याची शस्त्रक्रिया आहे. हे लिहिताना माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणण्याइतके जवळ सध्या कोणी राहत नाही.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. घर आणि ठेवी यांची व्यवस्था चार ओळींत झाली असती. कागद लांबला तो माझ्या ब्लॉगमुळे, आणि त्यातही ‘दुरुस्ती’ नावाच्या एका पानामुळे. माझ्या मागे ते पान राहावे की जावे, आणि हे कोणी ठरवावे, हा या मृत्युपत्राचा खरा विषय आहे. तो कलम ५ आणि ६ मध्ये येईल.

कलम १. कोथरूडचा फ्लॅट माझ्या पश्चात माझी पत्नी सौ. हेमा हिच्या एकटीच्या मालकीचा व्हावा. हेमा गेली नऊ वर्षे नारायण पेठेत, तिच्या माहेरच्या घरी राहते. आमचा घटस्फोट झालेला नाही. घेऊ या असे दोघांपैकी कोणी म्हटले नाही, आणि परत येतेस का, असेही मी विचारले नाही. न्हाणीघराचा नळ उलटा फिरतो. तिला ते माहीत आहे. बसवणाऱ्याला तिनेच त्यावरून सुनावले होते.

कलम २. बँकेतील सर्व ठेवी माझी मुलगी तनया हिला मिळाव्यात. तिने त्यांतून माझ्या नावाने कुठेही देणगी देऊ नये. देवाला माझे नाव ठाऊक आहे, त्याला पाटीवर वाचायची गरज नाही. सावरखेडच्या घरातला माझा हिस्सा धाकटा भाऊ हिंदुराव याला द्यावा. तो तिथे राहतो आणि दरवर्षी छप्पर शाकारतो, म्हणजे घर त्याचेच आहे.

कलम ३. रंगकामाचे अकरा ब्रश, दोन संगणक आणि अक्षरांच्या नमुन्यांच्या वह्या माझा जुना सहकारी वरद याला द्याव्यात. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी. ब्रश जुने आहेत, पण फेकू नयेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी मला रोज फळ्यावर सुविचार लिहायला लावत. माझे अक्षर बरे होते आणि सुविचार त्यांना पाठ होते. त्या अक्षराच्या जोरावर मी १९८८ साली पुण्याला आलो. मामा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. त्यांच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात झोपायचे आणि दिवसा दुकानांच्या पाट्या रंगवायच्या. देश १९९१ मध्ये बदलला असे लोक सांगतात. माझ्यापुरता तो १९९३ मध्ये बदलला. बुधवार पेठेतल्या एका दुकानदाराने माझ्या हातातला रंगाचा डबा काढून घेतला आणि माऊस दिला. “गावंडे, आता हाच ब्रश. कपडे खराब होत नाहीत, एवढा एकच फरक.” तिथे मी लग्नपत्रिका जुळवल्या. पुढे १९९९ साली क्लास लावून वेबसाइट करायला शिकलो. कोथरूडच्या एका छोट्या कंपनीत लोकांच्या वेबसाइट केल्या. ती बंद पडल्यावर घरूनच करू लागलो.

कलम ४. देवघर तनयाने न्यावे. नको असेल तर देव ओळखीच्या कोणाकडे पूजेला द्यावेत, नदीत सोडू नयेत. देवांच्या पाटाखाली पाच सीड्या आहेत. त्या मोडून टाकाव्यात. कारण पुढे आहे.

कलम ५. ब्लॉग मी २००३ मध्ये सुरू केला. मी घरात फार बोलत नसे. कामावरून येऊन हातपाय धुवावेत, देवाजवळ दिवा लावावा आणि लिहायला बसावे, असा माझा क्रम होता. हेमा म्हणे, “आज काय झालं ते मला उद्या ब्लॉगवरच कळेल, नाही का?” मी हसत असे. ती हसत नव्हती, हे माझ्या उशिरा लक्षात आले.

त्या काळी मराठी मजकूर वाचायला वाचणाऱ्याला आधी एक फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. एवढी खटपट करणारे माझे वाचक सगळे मिळून वीस-बावीस. पण एखादी प्रतिक्रिया आली की मला घरी पाहुणा आल्यासारखे वाटे.

२००५ च्या दिवाळीला माझी आई, सुशीलाबाई, सावरखेडहून आली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी हेमाचे वडील अनंतराव आणि आणखी चौघे फराळाला आले. हेमाने सगळ्यांना चहा कपबशीतून दिला. आईला स्वयंपाकघरात, स्टीलच्या पेल्यातून. मी ते पाहिले आणि माझ्या डोक्यात एकच अर्थ आला : खेड्यातली म्हणून आईला वेगळे भांडे. गावाहून आलेल्या माणसाला पुण्यात असे अर्थ लवकर सुचतात. मी हेमाला काही विचारले नाही. आत जाऊन ‘कपबशी’ नावाचा लेख लिहिला, तिचे नाव, तिचे माहेर, ती मराठी शिकवते हेही घातले, आणि तिन्हीसांजेच्या आत प्रसिद्ध केला. लेख चांगला झाला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला होता.

नऊ दिवसांनी, आई गावी निघण्याच्या आदल्या दिवशी, मी तो तिला वाचून दाखवला. तिला वाचता येत नसे. माझी अपेक्षा होती की तिचे डोळे भरतील. ती म्हणाली, “म्याच मांगतला होता पेला तिले. त्या कपाच्या कानात बोट जात नाही माह्यं. तू तिले काहून बोल लावला बाप्पा?”

मी त्याच क्षणी लेख काढला आणि हेमाला सगळे सांगितले. ती तोपर्यंत तो वाचून नऊ दिवस गप्प होती. ती म्हणाली, “काढलात ना? मग झालं.” आणि खरोखरच झाले. नंतरची अडीच वर्षे आमच्या घरात बरी गेली.

आता सीड्यांविषयी. दर लक्ष्मीपूजनाला मी त्या वर्षाचे सगळे लेख एका सीडीवर उतरवून ठेवत असे. दुकानदार वही पूजतो, तशी ती सीडी हळदकुंकू वाहून पूजेत ठेवायची आणि मग पाटाखाली. २००५ ची सीडी मी ‘कपबशी’ लिहिला त्याच संध्याकाळी केली.

२००८ च्या मे महिन्यात मी ब्लॉग युनिकोडमध्ये नेला. म्हणजे फॉन्ट उतरवून न घेता कोणालाही मराठी वाचता येईल, शोधताही येईल. त्यासाठी पाचही सीड्यांवरचे लेख एकत्र केले. चारशे बारा भरले. पूजेतल्या सीडीत काही वावगे असेल असे माझ्या मनातही आले नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाकत, नव्या पद्धतीत ती नंतर येते. त्यामुळे रूपांतरात वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या. ‘दिवा’चा ‘दविा’ झाला, ‘शिकवण’चे ‘शकिवण’. मी तीन आठवडे बसून चारशे बारा लेखांतली एकेक वेलांटी जागेवर आणली. एवढ्या वेलांट्या पाहिल्या की माणूस शब्द वाचतो, वाक्य वाचत नाही. त्यांत ‘कपबशी’ होता. मी त्यातल्या सव्वीस वेलांट्या सुधारल्या आणि पुढच्या लेखाकडे गेलो.

जूनमध्ये शाळा उघडली आणि हेमाच्या शाळेतल्या एका बाईंनी तो शोधून शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचला. हेमा छापील कागद घेऊन घरी आली. लेखाखाली ‘शेवटचा बदल : ११ मे २००८’ असे आले होते. ती ओळ मीच हौसेने प्रत्येक पानाखाली घातली होती.

“हा परत लावलात?”

“नाही गं. बॅकअपमधून आपोआप आला.”

“अहो, आपोआप? मागच्या वेळी यात ‘माहिती’तल्या ‘हि’ची वेलांटी दीर्घ होती. मी शिक्षिका आहे, चूक लक्षात राहते माझ्या. आता ती बरोबर आहे. बॅकअपला शुद्धलेखन येतं का?”

मला उत्तर माहीत होते, पण ते खरे असूनही खोटे वाटण्यासारखे होते. ती म्हणाली, “बदनामी निदान अशुद्ध तरी राहू द्यायची होतीत.” त्या आठवड्यात ती अकरा वर्षांच्या तनयाला घेऊन नारायण पेठेत गेली.

मी ‘कपबशी’ पुन्हा काढला आणि त्याच पत्त्यावर ‘दुरुस्ती’ हे पान लावले. आईने पेला का मागितला, सीडी कधी केली, वेलांट्या कशा हलल्या, सगळे लिहिले, आणि शेवटी हेमाची जाहीर माफी मागितली. त्यानंतर दोनदा ब्लॉग नव्या जागी हलवला, मोबाइलवर नीट दिसावा म्हणून सगळी मांडणी बदलली. प्रत्येक वेळी सर्वांत आधी ‘दुरुस्ती’ उघडते की नाही ते पाहिले. कारण ‘कपबशी’ तोवर माझ्या हाती राहिला नव्हता. कोणीतरी तो उचलला आणि माझे नाव गाळून हेमाचे ठेवले. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीचे अध्यक्ष रावसाहेब यांनी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, वर हात जोडलेल्या चित्रासह : ‘प्रत्येक सुनेने वाचावे असे.’ खोट्याला शंभर पत्ते झाले आणि खऱ्याला एकच.

ब्लॉग आता फारसे कोणी वाचत नाही. गेल्या वर्षभरात अकरा प्रतिक्रिया आल्या. त्यांतल्या नऊ टक्कल घालवण्याच्या औषधाच्या होत्या. त्याही मी लगेच पुसल्या नाहीत.

कलम ६. ब्लॉग, त्याचा पत्ता, आणि त्यावरचे सर्व लेख हेमाच्या मालकीचे व्हावेत. पासवर्ड वरदकडे बंद पाकिटात आहे. पत्त्याचे पुढील दहा वर्षांचे नूतनीकरण मी केले आहे. लेख ठेवणे, बदलणे अथवा पुसणे याचा पूर्ण अधिकार तिला राहील.

(येथील तीन ओळी खोडल्या आहेत. रं. हिं. गा.)

कलम ७. माझ्या मागे माझ्या नावाने आपोआप काहीही प्रसिद्ध होऊ नये. निरोपाचा एक लेख मी तशी सोय करून ठेवला होता. तो आज पुसला.

खाडाखोडीचा खुलासा. कलम ६ मधील खोडलेल्या ओळी अशा होत्या : ‘मात्र “दुरुस्ती” हे पान कोणत्याही परिस्थितीत काढू नये. ही माझी अखेरची इच्छा असून ती हेमावर बंधनकारक राहील.’ इथवरचे सगळे सकाळी लिहून झाले होते, कलम ७ सुद्धा. दुपारी हेमाला फोन केला. नऊ वर्षांत तनयाच्या फीचे आणि दहावी-बारावीच्या निकालांचे सोडून आमचे बोलणे झालेले नाही.

“मी रंगराव बोलतोय.”

“दिसतंय नाव. बोला.”

शस्त्रक्रियेचे सांगितले. तिने रुग्णालय, डॉक्टर, वेळ, सोबत कोण, असे चार प्रश्न विचारले. सोबत वरद आहे म्हटल्यावर “बरं” म्हणाली. मग मी ब्लॉगचे सांगितले.

“मला कशाला? तुमच्या वेलांट्या निस्तरायला?”

“तुला हवं ते कर. फक्त ‘दुरुस्ती’ तेवढं काढू नकोस. मी तसं कलमच घातलंय.”

ती म्हणाली, “अहो, माफी माझी मागितलीत ना?”

“हो.”

“मग ती ठेवायची की नाही, तेही तुम्हीच ठरवणार? पहिला लेख मला न विचारता लिहिलात. माफीही मला न विचारता लिहिलीत. माझ्या नावाची पाटी नऊ वर्षं चौकात लावून ठेवलीये, आणि मी रोज त्याखालून जातेय. दाराशी येऊन एकदा म्हणायचं होतंत. नारायण पेठ काय अमेरिकेत आहे?”

मग ती म्हणाली, “उद्या तनया घरी आहे. मीही आहे,” आणि फोन ठेवला.

म्हणून त्या तीन ओळी मी माझ्या हाताने खोडल्या असून खोडलेल्या जागी सही केली आहे. आता कलम ६ वर कोणतीही अट नाही. उद्या रविवारी चार वाजता मी नारायण पेठेत जाणार आहे. तिथे काय बोललो ते कुठेही लिहिले जाणार नाही.

ठिकाण : पुणे
दिनांक : १७ जून २०१७

(सही) रंगराव हिंमतराव गावंडे

आम्ही खाली सही करणारे, श्री. गावंडे यांना ओळखतो. त्यांनी आमच्या डोळ्यांदेखत, समजून उमजून सही केली. त्यानंतर त्यांच्यासमोर आणि एकमेकांसमोर आम्ही सह्या केल्या. या मृत्युपत्रात आम्हा दोघांना काहीही मिळायचे नाही.

साक्षीदार १. (सही) रावसाहेब काळभोर, अध्यक्ष, गृहरचना संस्था. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नसते, हे मला सांगण्यात आले. तरी मी तो दोनदा वाचला. तो लेख मी आणखी तीन ग्रुपवर पाठवला होता. आज चारही ग्रुपवर तो खोटा असल्याचे कळवले आहे.

साक्षीदार २. (सही) राधा बापट, शेजारी. उद्या दुपारी साडेतीनला यांना रिक्षा करून देणे माझ्याकडे आहे.