न धरलेल्या माशांची शिल्लक

रविवार, ८ जून. दुपारी, भांडी झाल्यावर

पहिला आला तो सुक्या बोंबलांचा वास, मागून विहीणबाई. अकराला येते म्हणाल्या होत्या, साडेदहालाच दारात! माझे केस ओले, हे बनियनवर. गाडी लावून मग त्यांचा मुलगा अनिकेत आला, पण तो काय, फोनमध्ये डोकं घालून बसणारा.

विहीणबाई म्हणजे हेमलता, आमच्या नातवाची, विजयेंद्राची सासू. मालवणच्या, सध्या अनिकेतकडे, इथं जवळच पोरूरला राहायला आल्यात. खरी विहीण माझी सून, पण मुलगा-सून मस्कतला, म्हणून तो मान नातवाबरोबर माझ्याकडे ठेवलाय आणि मी तो नीट सांभाळते. बाईंना माझ्या मराठीचं हसू येतं. तंजावरची मराठी ऐकली की जुन्या नाटकात शिरल्यासारखं वाटतं म्हणे. वाटू दे. नाटकाला तिकीट लागतं, इथं फुकट.

गोष्ट निघाली सावनीच्या, म्हणजे विजयेंद्राच्या बायकोच्या, बाळंतपणाची. पाचवा सरत आलाय. मी पणजी होणार! (हे वाक्य रोज एकदा लिहायचं ठरवलंय, बरं वाटतं.) पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्यातही आहे, नाही असं नाही. पण ऑफिस इथं अंबत्तूरला, डॉक्टरीण इथली, आणि सावनीलाही इथंच राहायचंय. मी विचारलं तर बघू या आजी म्हणाली. म्हणजे हो.

हेमलताबाई म्हणाल्या, राहील हो, पण पोरीला इथं ताजा मासा कुठला मिळायचा? आमच्याकडे जेटीवरून उड्या मारत घरात येतो.

मी म्हटलं, चार पावलांवर आमची एरी आहे, एवढं मोठं तळं. त्यातला विराल, तुम्ही मरळ म्हणता तो, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उभा करतो. मी स्वतः गळ टाकून बसते.

त्या म्हणाल्या, तळ्यातला? त्याला चिखलाचा वास. आमची मांजर तोंड फिरवते.

सावनी आई गं म्हणाली. हे खोकले. मी हसतच म्हटलं, एक दिवस ठरवा, माझ्या हातचा विराल खा, मग बोला. ठरलं, रविवार तेरा जुलै. खरंच असा मासा मिळत असेल तर राहू दे पोरीला, असं त्या स्वतःच्या तोंडानं बोलल्या. अनिकेत साक्षीला आहे, फोनमध्ये का असेना.

महिन्याच्या वर दिवस हातात. एक विराल! त्यात काय.

सोमवार, ९ जून. सकाळी साडेआठ

बांधावर जाऊन आले. करंजाखाली माझी जागा आहे, गेल्या वर्षीच्या पोंगलपासून. विराल अजून म्हणावा तसा लागलेला नाही, पण मी मनावर घेतलं नव्हतं.

नवा बोर्ड लागलाय. माझं शिक्षण पाचवीपर्यंत, तेही अर्ध्यातून, तेव्हा बोर्डाची कायदेशीर भाषा वाचायला चंद्रमौळी सर. सायन्सचे रिटायर मास्तर, एरीच्या कमिटीत आहेत, गळही टाकतात. ते म्हणाले, मासे फार कमी झालेत, आता माणशी रोज पाच नाही, दोनच. सरांचं तोंड एवढंसं झालं होतं. ते रोज पाच धरून शेजाऱ्यांना वाटतात.

मी मात्र खूश. हिशेब सोपा आहे. मे महिन्यात रोज पाच न्यायची मुभा होती, मी एकही नेला नाही. एकतीस गुणिले पाच, एकशे पंचावन्न मासे माझे शिल्लक! ह्यांनी आवडी गावच्या फॅक्टरीत रजा अशाच तर साठवल्या.

घरी येऊन सांगितलं तर हे म्हणाले, सई, मासे म्हणजे ईएल आहे का पुढच्या महिन्यात ओढायला? आणि रजा शिल्लक पडायला आधी नोकरी लागते. तसा आधी मासा लागावा लागतो.

अनंतराव असंच बोलतात. (नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही मी. वहीत चालतं.)

गुरुवार, १२ जून

काही नाही. वारा होता.

शनिवार, १४ जून

काही नाही. चंद्रमौळी सर शिंकले. दोनदा.

निश्चय: उद्यापासून पहाटे पाच. अलार्म लावला.

रविवार, १५ जून. नऊ वाजता

अलार्म वाजला. ह्यांना जाग आली, मला नाही.

आनंदाची बातमी वेगळीच. आपल्याकडची समुद्रातली बंदी आज उठली, इथल्या कोवलमच्या बोटी निघाल्या. आणि मालवणकडे जुलै संपेपर्यंत बंद! विजयेंद्रानं फोनवर दाखवलं. लगेच हेमलताबाईंना फोन केला, सहजच. म्हटलं, जेटीवरून सध्या काय उड्या मारतंय? त्या म्हणाल्या, बेडूक. मग म्हणाल्या, बाळ ऑक्टोबरात आहे, तोवर नारळ वाहून सगळं सुरू होतं. तुमचा विराल काय म्हणतो?

म्हटलं, तयारीत आहे.

शुक्रवार, २० जून. सकाळी

लागला! लागला!

विराल नव्हे, जिलेबी. इथं त्या चपट्या माशाला जिलेबीच म्हणतात. तळहाताएवढा. पण वॉचमन सुब्बा फळी घेऊन धावत आला. फळीवर रंगानं एक फूट आखलंय. बुधवारपासून फुटापेक्षा लहान मासा परत सोडायचा. मी म्हटलं, सुब्बा, शेपटी जरा ओढून मोज. तो म्हणाला, पाट्टी (म्हणजे आजी), ओढून ओढून तो विराल होणार नाही.

सोडला. हरकत नाही, मोठा होऊन येईल. येताना माझी ओळख ठेवेल.

आज सावनीच्या पोटावर हात ठेवला. बाळानं लाथ मारली. ती हसली, मीही. मग विसरूनच गेले की गळाला मी काय लावलं होतं, गांडूळ की पिठाची गोळी. लक्षात राहायला हवं होतं.

शनिवार, २८ जून

बोर्ड पुन्हा बदलला. सरांनी चष्मा पुसून वाचला. गळ टाकायला आता पास लागणार, आणि एका पासावर आठवड्याला एकच विराल. सर म्हणाले, सईबाई, बावीस वर्षं बसतोय इथं, आता मी किती धरायचे ते पाण्याला न विचारता बोर्डाला विचारायचं. मला वाईट वाटलं. पण ठराव त्यांच्याच कमिटीचा. म्हटलं, तुम्ही हात वर केला होता का? म्हणाले, सगळ्यांनी केला म्हणून केला. मासे खरंच उरले नाहीत हो.

आपण डोकं चालवलं. माझा एक पास, ह्यांचा एक, विजयेंद्राचा एक. तीन पास, तीन विराल. विजयेंद्र म्हणाला, आज्जी, मला पाणी बघून गरगरतं. म्हटलं, तू येऊ नकोस रे, तुझा फोटो येईल.

पासावरचा माझा फोटो चांगला आलाय. फ्रेम करावा.

मंगळवार, १ जुलै

ही मात्र हद्द झाली.

आजपासून विराल बंद. एकही न्यायचा नाही, तीन महिने. अंडी घालायचे दिवस आहेत, आणि विराल पिल्लांना सोडून हलत नाही, आई-बाप दोघं राखण करतात, सर म्हणाले. धरा, बघा, सोडा. घरी आणलात तर पास जप्त, वर दंड.

हे म्हणाले, म्हणजे माशाला बाळंतपणाची रजा मिळाली. आणि तुझे एकशे पंचावन्न लॅप्स.

मी जेवले नाही. अकरा वाजता एक केळं खाल्लं, बारा वाजता इडल्या. मग विचार केला. कायदा सगळ्यांना असतो, पण अडचणही बघतात. अर्ज करायचा! मी सांगितलं, विजयेंद्रानं टाइप केलं: घरात गरोदर नातसून आहे, तिच्यासाठी एकच विराल, फक्त तेरा तारखेपुरता. सर अर्ज घेऊन म्हणाले, मीटिंग वीस जुलैला आहे. म्हटलं, तेराच्या आधी घ्या. ते म्हणाले, कमिटीतल्या दोघांना अजून डेंग्यू आहे.

तरी अर्ज ठेवून घेतला. म्हणजे अर्धं काम झालंच.

सोमवार, ७ जुलै

काही नाही. धरायचाच नाही म्हटल्यावर गळही मनापासून लागत नाही. दोष नियमांचा.

निश्चय: हेमलताबाईंना नियम समजावून सांगायचे. (नको. त्या हसतील.)

शुक्रवार, ११ जुलै. सकाळी सात

ओल्या लुगड्यानंच लिहायला बसलेय, अक्षर कसंही येईल.

सहा चाळीसला काठी वाकली. मला वाटलं झाडाचं मूळ. मूळ हललं! सर धावले, सुब्बा धावला, मी सोडलं नाही, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं, चप्पल एरीत गेली. विराल! माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, वर चार बोटं. काळा, सापासारखं डोकं, अंगावर पट्टे. दीड वर्षात पहिला. फळी लावायलाच नको.

मी पदरात धरून बसले. म्हटलं, सुब्बा, तू तिकडे बघ. तो म्हणाला, पाट्टी, तिकडे सरच आहेत. म्हटलं, मग सर तिकडे बघतील. सर खरंच दुसरीकडे बघायला लागले, देव त्यांचं भलं करो. मी सुब्बाला म्हटलं, राजा, घरात पोटुशी पोर आहे. परवा तिची आई येणार आहे. हा नेला नाही तर पोर जाते रे.

सुब्बानं माशाच्या पोटावर बोट ठेवलं. टम्म होतं. म्हणाला, पाट्टी, हीपण पोटुशीच आहे.

मी पदर उलगडला.

त्यानं माझा फोटो काढला, मासा दोन्ही हातांत. मग मीच पाण्यात हात घातला. ती लगेच गेली नाही. जरा वेळ माझ्या बोटांपाशी उभी राहिली, मग गेली.

कमिटी मला सर्टिफिकेट देणार आहे, सर म्हणाले. जबाबदार गळवाली म्हणून. चप्पल मिळाली नाही.

शनिवार, १२ जुलै. दुपारी

बाजारात विकतचा विराल आणायला गेले. तिथं शेततळ्यात पाळलेले मिळतात, जिवंत, टबात. टब रिकामा! एरी बंद झाल्यापासून सगळे गळवाले इथंच येतात, सकाळी सातला संपतो म्हणे. एकाला विचारलं, तर तो चंद्रमौळी सरांचा शेजारी निघाला.

मग वंजरम घेतला. कोवलमचा, ताजा फडफडीत, समुद्रातला. डोकं आणि शेपूट कोळणीलाच देऊन टाकली. तुकडे केल्यावर मासा तो मासा, वर कुळंबू, चिंचेचा घट्ट रस्सा, त्यावर कढीपत्ता. कुणाला काय कळतंय. हे म्हणाले, सई, विहीणबाई मालवणच्या आहेत. म्हटलं, तुम्ही उद्या बोलू नका.

रविवार, १३ जुलै. चार वाजता

पहिल्या आल्या त्या विहीणबाईच, पाऊण तास आधी. मी तयार होते, फक्त केस ओले होते.

जेवण काय सांगू, झकास! हेमलताबाईंनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. तीन तुकडे खाल्ले. चौथा वाढताना हळूच म्हणाल्या, सईबाई, तुमच्या एरीला समुद्र कुठून मिळतो हो?

मी म्हटलं, पावसाळ्यात पाणी सगळीकडून येतं.

त्या म्हणाल्या, त्यातून सुरमई येते? कापून?

अनिकेत फोनमधून वर आला. विजयेंद्राला ठसका लागला. ह्यांनी बोलायचं नाही ठरलं होतं, ते बोलले नाहीत, पण त्यांचं पोट हलत होतं. वंजरमला तिकडे सुरमई म्हणतात, हे मला कुणी आधी सांगायला नको का?

मग मी फोटो दाखवला. पट्टेवाली, माझ्या दोन्ही हातांत. सगळं सांगितलं, फळी, पास, रजा, पदर. हेमलताबाई हसता हसता थांबल्या. फोटो मोठा करून पोटाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, सोडलीत ते बरं केलंत. सावनी म्हणाली, आजी, मला पाठवा हा फोटो.

मला वाटलं, झालं, जिंकलं. म्हटलं, मग सावनीचं इथंच ना?

अनिकेतनं फोन पुढे केला. गोव्याच्या विमानाची तिकिटं, दोन. काढली कधी, तर आठ जूनला. माझ्याच पाटावर, माझंच सांबार खात. तेव्हा स्वस्त होती म्हणाला. सावनीची रजा पण तेव्हाच मंजूर झालीय, पुढं घरून काम. तिनं माझा हात धरला, म्हणाली, आजी, सांगणार होते हो, तुम्ही इतक्या खुशीत एरीवर जायचात.

मी म्हटलं, मला ठाऊकच होतं.

हेमलताबाई म्हणाल्या, बाळ झालं की तुम्हीच या मालवणला, गळ घेऊन. आमच्याकडे पास नाही लागत. बघू या म्हटलं. म्हणजे हो.

कुळंबू आवडलाच असणार, नाहीतर इतक्या लवकर कोण परत येतं? आडी महिना लागला की इथं शुभ काम करत नाहीत, म्हणून आदल्या दिवशीच येते म्हणाल्यात, सावनीला घ्यायला. बुधवार, सोळा जुलै, सकाळी दहा. म्हणजे सव्वानऊ. केस मंगळवारीच धुऊन ठेवावेत.