डुकराला दिलेलं भाषण

तीर्थस्वरूप एलिसनमामांस भाच्याचा, मासिंगचा दंडवत. पोर्ट विलात तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचा दमा काय म्हणतो? इकडं मालेकुला बेटावर सगळं ठीक. ठीक कसलं, जिंकलो मामा, जिंकलो! सोमवारपासून पहिलीची पोरं आपल्या बोलीत शिकणार.

सभा चर्चच्या अंगणात होती. झेरोममास्तर (बाबांचे चुलतभाऊ, तेच ते) म्हणाले, बिस्लामा सगळ्या बेटांवर चालते, शाळेत तीच पुरे; आपली बोली जेमतेम दोनशे जणांची, म्हाताऱ्यांबरोबर जाईल. माझं डोकंच फिरलं. आजीची बोली अशी वाऱ्यावर सोडायची? मी उठलो आणि आपल्या बोलीत कडाडलो. (दोन वाक्यं. तिसऱ्याला बिस्लामा आपसूक तोंडात आली आणि चौथ्याला मी पाणी मागितलं, तेही बिस्लामात.) मास्तर म्हणाले, "बस रे बाळा, आमची बाजू तूच छान मांडलीस." अंगण खो खो हसलं. लाज गेली हो मामा!

तेवढ्यात माझी बायको एस्लीन उठली. ती अंब्रिमची, म्हणजे परक्या बेटाची आणि परक्या बोलीची. पण बारा वर्षं आईशेजारी बसून लापलापच्या पानात भाजायला यामचे कंद किसतेय. अडचण एकच, मास्तर तिचे चुलत सासरे, आपल्या रीतीनं त्यांच्याशी बोलणं वर्ज्य. म्हणून तिनं त्यांच्याकडं पाठ केली आणि सभेनंतरच्या जेवणासाठी झाडाला बांधून ठेवलेल्या डुकराला, आपल्या बोलीत, बिस्लामाचा एक शब्द न घेता सुनावलं, "काय रे ढेरपोट्या, आईनं ज्या बोलीत घास भरवला ती आता जड झाली होय? मी परकी असून शिकले, तुला काय धाड भरलीय?" पुढं पाऊण तास डुकराच्या सात पिढ्यांची खरडपट्टी! मास्तर बोलणार काय? तोंड उघडलं की डुक्कर आपणच, हे कबूल. म्हाताऱ्या डोळे पुसत होत्या, मीही रडलो. सरपंचांनी हात वर करायला सांगितले, तेव्हा मास्तरांचाही हात वर होता, आणि स्वारी हसत होती.

विजय तसा माझाच. सुरुवात मी केली होती.

तुमचा,
मासिंग

ता. क. शिकवायला पंचांनी एस्लीनला नेमलं आहे.

आणखी ता. क. शनिवारच्या जहाजानं एक वही आणि दोन पेन्सिली पाठवा. कुणी विचारलं तर नातवासाठी म्हणा. तिनं काल मला यामच्या जातींची आपल्या बोलीतली नावं विचारली, चारच आली. पहिल्या बाकावर, तिच्या डोळ्यांसमोर, माझी जागा ठरली आहे.