ज्वालामुखी बघायला गेलो ते

१० मार्च २००७, टोरोंटो विमानतळ
बायकोचा, मेधाचा, पन्नासावा वाढदिवस, म्हणून कोस्टा रिका. मी फ्लोरिडा म्हटलं होतं. "फ्लोरिडात ज्वालामुखी आहे का?" म्हणे. कॉलेजात बॉटनी घेऊन एम.एस्सी. केलं, इकडे कॅनडात, किचनरला आल्यापासून डेंटिस्टकडे रिसेप्शनला बसते, आणि आता बाईसाहेबांना जंगल बघायचंय. बाहेर बर्फ, आणि गेटवर सगळे फुलाफुलांचे शर्ट घालून बसलेत. गाढवं.

११ मार्च, सान होसे
राजधानी म्हणे. ट्रॅफिक, धूर, हॉर्न. यापेक्षा नागपूर काय वाईट होतं? नाश्त्याला भात आणि काळा घेवडा. लोक फोटो काढत होते. भाताचे.

१२ मार्च
पोआस ज्वालामुखी. पार वरपर्यंत बस जाते. वर वॉशरूम, गिफ्ट शॉप. कठड्यापलीकडे नुसतं धुकं, सडक्या अंड्यांचा वास. शेजारी एडमंटनचा एक गृहस्थ धुक्याचा व्हिडिओ घेत होता.
मेधा म्हणाली, "थांबू या. उघडेल."
मी बसमध्ये येऊन बसलो. ती सगळ्यांत शेवटी आली, केस ओले. धुकं हललं म्हणे. खाली तळं दिसलं, हिरवट निळं, वाफाळणारं.
"जरा थांबला असतास."
म्हटलं, पोस्टकार्डावर आहे की. हॉटेल येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

१४ मार्च
शहराबाहेरचं जंगल. पाऊस, चिखल, डास. गाइड मार्ता झाडाचं नाव सुरू करायची, मेधा पुरं करायची. लॅटिनमध्ये. दोघी शाळकरी पोरींसारख्या खिदळत होत्या. हिला हे सगळं अजून येतं हे मला...
असो.
पुढे झुलता पूल, खाली दरी. पर्यटकांसाठी केलेला फालतूपणा, मी इथेच बसतो, म्हटलं. (पाय उचलेना.) मेधा मध्यावर जाऊन वळली. "येतोस?" नाही म्हटलं. गेली पलीकडे.

१५ मार्च
मार्ताच्या बहिणीची जंगलालगत नर्सरी आहे. रोपांची. मदतीला माणूस हवंय. मेधा राहणार. जेवताना सांगितलं, मीठ मागावं तसं.
"किती दिवस?"
"बघू."
"या वयात माती उकरत बसणार?"
"हो."
"आणि नोकरी?"
"कळवलंय."
म्हटलं, दोन दिवसांत रडत येशील. भात संपवला तिने.

१७ मार्च, किचनर
एकटा आलो. निघताना म्हणाली, "बीपीच्या गोळ्या बाहेरच्या कप्प्यात आहेत." बस्स.
ड्राइव्हवे बर्फाने भरलेला. फावड्याने उपसला. इराला ग्वेल्फला फोन. आमची लेक, आईच्या वरताण. "बाबा, शी आस्क्ड यू टू कम. ऑन द ब्रिज." म्हणजे मायलेकींचं बोलून झालंय. टोळी आहे ही.

१९ मार्च
शेजारच्या कुलकर्णीवहिनी डबा घेऊन आल्या. "मेधा कधी येतेय?" कामात आहे, सांगितलं. चेहरा असा केला, जणू मी विधुर. भाजी खारट.

२५ मार्च
मेधाचा फोन. आवाज बदललाय, की लाइन खराब होती. परतीचं तिकीट आणखी पुढे ढकललंय. कुठपर्यंत, विचारलं नाही.
"तू ये इकडे. खोली मोठी आहे."
"मी काय करू तिथे?"
"ते मी कसं सांगू?"
फोन ठेवला तिने. बरंच झालं. मग ट्रॅव्हल एजंटला फोन लावला. सान होसेच्या तिकिटाची, नुसती चौकशी. त्या मठ्ठ पोरीने होल्डवर टाकलंय, भिकार म्युझिक वाजतंय. कान दुखायला लागला. अजून ठेवला नाही.